तापलेला संगणक आणि उष्णतेची वाट



व्याख्यानमाला म्हटली म्हणजे संतवाङ्मय, इतिहास, समाजकारण असे भारदस्त विषय डोळ्यांपुढे येतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे ही प्रथा महाराष्ट्रात ठिकठिकाणी रुजली. त्या थोर परंपरेत मी आज एक अगदी घरगुती तक्रार घेऊन उभा राहिलो आहे. घरातल्या मेजावरचा संगणक खेळ खेळताना तापतो, अडखळतो आणि मध्येच बंद पडतो. याचे कारण काय आणि उपाय काय, एवढाच माझा विषय. विषय लहान आहे खरा. पण या लहान विषयापायी एका घरात मुलाशी पंधरा दिवस कोणी धड बोलत नव्हते, आणि पेरणीच्या तोंडावर अठरा हजार रुपयांचा खर्च अंगावर येण्याची वेळ आली होती. तेव्हा तो अगदीच क्षुल्लक नाही, हे आपण मान्य कराल.

ती हकीकत आधी सांगतो. माझ्या बहिणीचे घर याच भागातल्या एका खेड्यात आहे. शेती कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन ही पिके. मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून त्यांनी संगणक घेतला. मुलगा त्यावर अभ्यास करतो, घरादाराचे अर्ज भरतो, सातबारा काढून देतो, आणि संध्याकाळी मित्रांबरोबर खेळतोही. गेल्या एप्रिलात असे होऊ लागले की खेळ सुरू करून दहा-पंधरा मिनिटे झाली की चित्र अडखळे, आतला पंखा घोंघावू लागे आणि थोड्याच वेळात पडदा काळा होई. भाऊजींनी निदान करून टाकले, "ह्याच्या खेळानंच मशीन जळाली." एका दुकानदाराला विचारले, तर त्याने यंत्र न उघडताच ग्राफिक्स कार्ड गेल्याचे सांगून नव्याचा भाव अठरा हजार सांगितला. मुलगा मात्र मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "मामाजी, बाजूचं झाकण काढलं का नाही बंद पडत जी." हे त्याने वडिलांनाही सांगितले होते. पण खेळायला मिळावे म्हणून पोराने काढलेली ही सबब, अशी सगळ्यांची समजूत झाली. वस्तुतः साऱ्या प्रकरणाची किल्ली त्या एका वाक्यात होती. ती कशी, हे समजण्यासाठी संगणकात उष्णता येते कोठून आणि जाते कोठे, हे थोडे पाहिले पाहिजे.

पिठाची चक्की वीज घेते आणि पीठ देते. मोटार वीज घेते आणि विहिरीचे पाणी वर आणते. संगणक वीज घेतो आणि हिशेब देतो. पण हिशेबाला वजन नाही की उंची नाही. त्यामुळे संगणकात गेलेल्या जवळजवळ सगळ्या विजेची अखेर उष्णताच होते. आपण पत्र लिहीत असलो तर ती थोडी असते. खेळात मात्र झाडे, डोंगर, माणसे, सावल्या यांची नवी नवी चित्रे यंत्राला दर सेकंदाला साठ-साठ, शंभर-शंभर वेळा रेखाटावी लागतात. तेव्हा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही पूर्ण भरात येतात. इंटेलचा आय-५ १२४०० हा मध्यम प्रतीचा प्रोसेसर घ्या. पूर्ण भरात तो ११७ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या कार्डाची मर्यादा १७० वॅट. दोन्ही मिळून पावणेतीनशेच्या वर झाले. हजार वॅटच्या इस्त्रीच्या चौथ्या भागाहून अधिक उष्णता त्या पेटीत सतत निर्माण होत असते. शंभर वॅटचा जुना दिवा हाताला चटका देत असे, आणि त्याला तरी काचेचा केवढा पसारा होता. इथे तितकीच उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची असते.

हे दुखणे आजचे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी घडवलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कामाला लागला, तेव्हा त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओत जे व्हॉल्व्ह असत, तीच ही जात. अशा प्रत्येक नळीतली तार आधी तापवावी लागे, तेव्हा कुठे ती काम करी. अमेरिकेतील 'एनिअ‍ॅक' या १९४६ च्या यंत्रात तर अशा सुमारे १८,००० नळ्या होत्या आणि त्याला १५० किलोवॅट वीज लागे. आजच्या महासंगणकांतही पंख्याचा वारा पुरेनासा झाला म्हणजे पाणी खेळवून उष्णता बाहेर नेतात. यंत्रे बदलली, पण उष्णतेला बाहेर जायला वाट करून दिली पाहिजे, ही गरज कायम राहिली.

आता एक साधा हिशेब मांडू. कोणताही पंखा संगणकाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त आतली उष्णता बाहेर टाकतो. म्हणून प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक यंत्राची स्वतःची वाढ. समजा, खेळताना ही वाढ ५५ अंशांची आहे. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७७ वर राहील आणि कोणाला काही कळणारही नाही. तेच यंत्र, तोच खेळ; पण नवतपा सुरू झाला, खोली ४२ वर गेली की प्रोसेसर ९७ वर पोचेल. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या घरात जातो, हे मी आपल्याला सांगायला नको. म्हणजे हिवाळ्यात चाललेले यंत्र उन्हाळ्यात बंद पडले, तर ते बिघडलेच असे नाही. त्याच्याजवळची शिल्लक संपली, एवढाच त्याचा अर्थ.

शिल्लक संपल्यावर यंत्र काय करते? आपल्या शेख फरीदबाबांच्या टेकडीवर भर दुपारी चढणारा शहाणा माणूस काय करतो? दम लागला की पावले मंद टाकतो, आणि अगदीच भोवळ आली तर सावलीत बसतो. प्रोसेसरही तसेच करतो. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या अनेकांची ९५. तेथवर पोचताच तो आपली गती कमी करतो. खेळ अडखळतो तो त्यामुळे. एवढ्यानेही भागले नाही, तर जीव वाचवण्यासाठी यंत्र स्वतःला बंद करते. पूर्वी सगळ्याच प्रोसेसरांना हे शहाणपण नव्हते. 'टॉम्स हार्डवेअर' या परीक्षण करणाऱ्या मंडळींनी २००१ साली 'क्वेक ३' हा खेळ चालू असताना प्रोसेसरवरचा थंड करणारा ठोकळाच उचलून घेतला. पेंटियम ४ ने गती उतरवून तग धरला. त्या वेळचा अ‍ॅथलॉन मात्र क्षणार्धात जळून गेला. आज बंद पडणारा संगणक म्हणजे जळालेला संगणक नव्हे. जळू नये म्हणून तो थांबला आहे. भाऊजींचे निदान इथेच चुकले होते.

आता ही उष्णता बाहेर जाते कशी? ही वाट पाच मुक्कामांची आहे. प्रोसेसरच्या पाठीवरून ती एका मलमासारख्या लेपात जाते, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. लेपातून ती पातळ पात्यांच्या धातूच्या ठोकळ्यात जाते. पात्यांमधून पंखा तिला हवेत सोडतो. ती तापलेली हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्यातून खोलीत येते. आणि खोलीतून ती बाहेर जावी लागते. या पाचांपैकी एक जरी मुक्काम अडला, तरी मागची सगळी रांग तुंबते.

विदर्भातल्या माणसाला हे शास्त्र नव्याने शिकवावे लागू नये. आपल्या घरोघरी कूलर आहे. मार्च लागला की आपण त्याच्या ताट्या बदलतो, कारण ताट्यांत क्षार आणि धूळ बसली की पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा आत येत नाही. आणि कूलर लावून सगळी दारे-खिडक्या बंद केल्या तर काय होते? घटकाभरात खोली दमट होते, अंगाला चिकचिक होते आणि गारवा नाहीसा होतो. हवा आत यायला जसा मार्ग हवा, तसा बाहेर जायलाही हवा. संगणकाच्या पेटीचा नियमही नेमका हाच आहे. जो गृहस्थ कूलरच्या ताट्या दरवर्षी बदलतो, तोच संगणकाची पुढची जाळी पाच-पाच वर्षे पाहत नाही, एवढीच काय ती गंमत.

मी बहिणीकडे गेलो तेव्हा पहिली गोष्ट केली ती मोजमापाची. तापमान दाखवणारे छोटे कार्यक्रम फुकट मिळतात. 'एचडब्ल्यूइन्फो' हा त्यांतला एक. भिंतीवर साधा तापमापक टांगला, मुलाच्या हातात वही दिली आणि त्यालाच लिहायला बसवले. खोली ३९ अंश. खेळ सुरू करून बारा मिनिटांनी प्रोसेसर १०० आणि ग्राफिक्स कार्ड ८४. म्हणजे ज्या कार्डावर दुकानदाराने मृत्युलेख लिहिला होता, ते बिचारे जिवंत होते. गुदमरत होता तो प्रोसेसर.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. खेळ सुरू होताच काही सेकंदांत तापमान एकदम टोकाला गेले, तर वाट पहिल्या मुक्कामालाच अडली आहे असे समजावे. लेप सुकला असेल, ठोकळ्याची खुंटी सुटली असेल, किंवा त्यावरचा पंखा थांबला असेल. उलट तापमान दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चढत गेले, तर प्रोसेसरपासून ठोकळ्यापर्यंत सगळे बहुधा ठीक असून हवेचा मार्ग तुंबलेला असतो. आमच्याकडे ते हळूहळू चढत होते. आणि झाकण काढले की यंत्र चालते, हे तर मुलगा पहिल्या दिवसापासून सांगत होता. झाकण काढल्याने फरक पडतो याचा अर्थच असा, की कोंडी पेटीतल्या हवेची आहे. झाकण काढूनही आकडा हलला नसता, तर लेप आणि ठोकळ्याकडे वळावे लागले असते.

मग आम्ही एका वेळी एकच बदल करायचा आणि दर वेळी आकडा लिहायचा, असा नेम केला. दोन-तीन गोष्टी एकदम केल्या तर गुण कशाचा आला हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

पहिला बदल जागेचा. ज्या मेजावर संगणक होता, त्याच्या खाली पेटी ठेवण्यासाठी एक कप्पा होता. तो तिन्ही बाजूंनी बंद; मागे भिंत. त्यावर कहर म्हणजे पेटीच्या माथ्यावर बहिणीने हौसेने विणलेला लोकरी रुमाल, आणि त्याच्या बरोबर खाली हवा जाण्याची जाळी. पंख्याने बाहेर टाकलेली तीच गरम हवा पेटी पुन्हा पुन्हा आत घेत होती. पेटी कप्प्यातून काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवली, रुमाल काढला. आकडा १०० वरून ९२ वर आला.

दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षेपुरते झाकण काढले. आकडा ८५. मुलाचे म्हणणे वहीत सिद्ध झाले. मात्र झाकण कायमचे काढून ठेवणे हा उपाय नव्हे. धूळ तर येतेच, शिवाय पाल-झुरळांना आयतेच घर मिळते. झाकणाची ही युक्ती रोग ओळखण्यापुरती. ते औषध नव्हे.

तिसरा बदल सफाईचा. यंत्र बंद केले, बटण बंद केले आणि तारही काढली. हाताने पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श केला, म्हणजे अंगातली स्थिर वीज नाजूक भागांवर उतरत नाही. पुढची जाळी काढली, तर तिच्यावर कांबळ्यासारखा थर! धूळ तर होतीच. पण हाताला लागला तो कापूस. भाव वाढण्याची वाट पाहत शेजारच्या खोलीत कापूस साठवलेला होता. उन्हाळ्यात घरातल्या कापसाने अंगाला खाज सुटते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. ते बारीक तंतू हवेत तरंगत असतात, आणि संगणकाचा पंखा दिवसभर तेच ओढून घेत होता. ठोकळ्याच्या पात्यांत त्यांचा नमदा बसला होता. पंखा वरून जोरात फिरे, पण वारा पात्यांत शिरतच नव्हता. चाळीस रुपयांचा मऊ कुंचला आणि हवेचा छोटा पंप यांनी तो काढला. फुंकताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाही तर ते भलत्या वेगाने फिरून खराब होते. विजेचा पुरवठा करणारी जी लोखंडी डबी आत असते, ती मात्र घरी कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यात जिवावर बेतेल अशी वीज साठून राहू शकते. झाकण लावून पुन्हा खेळ सुरू केला. आकडा ७७!

लेपाला हात लावण्याची वेळच आली नाही. ज्यांना लावावा लागेल त्यांनी जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि नवा वाटाण्याएवढाच घ्यावा. तुपासारखा भरपूर वाढू नये. तसेच, उठसूट नवे पंखे बसवण्याने काम होत नाही. दिशा आधी पाहावी. पुढचा पंखा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर टाकणारा असावा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्यांची चौकट असते, त्या बाजूने सहसा वारा बाहेर पडतो. पुढचा-मागचा दोन्ही पंखे आतच हवा ढकलत असतील, तर ती जाणार कोठे?

चौथा बदल खेळाचा. पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवू शकत असेल, तर यंत्राने दीडशे रेखाटण्यात काय हशील? तरी मोकळे सोडले तर ते रेखाटतेच. 'स्टारक्राफ्ट २' हा खेळ २०१० साली निघाला, तेव्हा त्यातल्या काही साध्या पडद्यांवर यंत्रे भरमसाट चित्रे काढून तापू लागली. शेवटी ब्लिझर्ड या त्याच्या निर्मात्या कंपनीनेच चित्रांच्या संख्येला साठ आणि तीसची मर्यादा घालण्याची तोड खेळाडूंना सांगितली. आज बहुतेक खेळांत ही मर्यादा निवडीच्या पानावर असते. आमच्या मुलाने ती साठवर आणली. आकडा ७०. डोळ्याला फरक शून्य. वीज वाचली ती वेगळीच.

आता एक शंका अशी निघेल की, कूलर संगणकाच्या समोर ठेवला तर? खोली गार झाली तर त्या हिशेबाने यंत्रही तितकेच गार राहील, यात संशय नाही. पण कूलरचा ओला झोत थेट पेटीवर घेऊ नये. त्याच्याबरोबर उडणारे थेंब आणि दमटपणा आतल्या जोडांना चांगले नाहीत. दुसरी शंका, प्रत्येक बंद पडणे उष्णतेमुळेच असते काय? तसे मुळीच नाही. आकडा ७० वर असताना यंत्र एकाएकी बंद होत असेल, तर विजेचा दाब किंवा पुरवठ्याची डबी तपासून घ्यावी. म्हणून तर मोजमाप आधी. ज्याने मोजले नाही, त्याला तापलेले यंत्र आणि उपाशी यंत्र यांतला फरक कळायचा नाही.

असो. त्या संध्याकाळी भाऊजी शेतातून आले, तेव्हा मुलाने काही बोलण्याऐवजी वही त्यांच्या पुढे ठेवली. शंभर, ब्याण्णव, पंच्याऐंशी, सत्त्याहत्तर, सत्तर. त्यांनी ती दोनदा वाचली. मग जाळीवरून काढलेला कापसाचा गोळा हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे मशीन माह्याच कापसानं गुदमरली होती तर." सगळे हसले, आणि पंधरा दिवसांचा अबोला त्या हसण्यात विरून गेला. अठरा हजार रुपये बियाण्याला राहिले.

मंडळी, मुले किती वेळ खेळतात, हा प्रश्न निराळा आणि महत्त्वाचा आहे. त्यावर घराघरात जरूर बोलावे. पण तो राग यंत्राच्या निदानात मिसळला, की निदान तर चुकतेच आणि मुलाचा विश्वासही जातो. त्या मुलाने शास्त्रज्ञाचे काम केले होते. एक बदल करून पाहिला, परिणाम पाहिला आणि तो प्रामाणिकपणे सांगितला. उणीव एवढीच होती, की ते कान देऊन ऐकणारे कोणी नव्हते. या उन्हाळ्यात आपल्या घरचा संगणक बंद पडला, तर आधी खोलीचे तापमान पाहा, मग यंत्राचे पाहा, पुढची जाळी काढून पाहा, आणि त्याच्यापुढे जो रोज बसतो, त्याला विचारा की, "तुझ्या काय पाहण्यात आलं?"